सीडी प्लेअर घ्यायचा, तर आधी त्याचा डोळा बघा

माळ्यावरच्या खोक्यातून बाबांच्या सीडी खाली काढल्या, तेव्हा त्या वाजवायला घरात काहीच उरलं नव्हतं. लॅपटॉपला सीडीची खाच नाही, गाडीत फक्त यूएसबी, आणि एकेकाळी हॉलमध्ये मिरवणारी तीन सीडींची म्युझिक सिस्टिम केव्हाच भंगारात गेलेली. खोक्यात दीडेकशे डिस्क होत्या. ख्यालगायन, नाट्यपदं, भावगीतं. काहींवर बाबांच्या हातची मार्करची अक्षरं. यातलं बरंचसं आज फोनवर मिळतं, हे मान्य. पण घरच्या मैफलीची बाबांनी स्वतः उतरवून घेतलेली डिस्क कुठल्या ॲपवर मिळणार? तेव्हा प्लेअर घ्यायचं ठरलं.

पहिला प्लेअर मी जुन्या सामानाच्या एका दुकानातून उचलला. दुकानदाराने स्वतःचीच एक डिस्क घातली, पहिलं गाणं लावलं. आवाज सुरेख. मी पैसे मोजले. घरी बाबांची डिस्क घातली, तर पहिली पाच गाणी बिनघोर वाजली, सहाव्याला आवाज ठेचकाळू लागला आणि आठव्यावर मशीनने हात टेकले. पुढे दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून त्या मशीनचं पोट उघडं पाहिलं, तेव्हा माझी चूक कळली. मी कानाने परीक्षा केली होती. बघायला हवा होता तो प्लेअरचा डोळा, आणि त्या डोळ्याला इकडून तिकडे नेणारी गाडी.

चकतीवर असतं काय

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचं मानक १९८० मध्ये ठरवलं. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानच्या बाजारात आला. त्या मानकात आजवर मूलभूत बदल झालेला नाही. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची डिस्क आजच्या प्लेअरवर वाजते, आणि आज छापलेली त्या काळच्या प्लेअरवर.

डिस्क १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकमध्ये सूक्ष्म खळगे उठवलेले असतात, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, त्यावर लाखेसारखा संरक्षक थर आणि सगळ्यात वर छापील नाव. खळग्यांची एकच एक रेघ आतून बाहेर गोल गोल फिरत जाते. ती सरळ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे सहज बसतात.

ही रेघ वाचायला सुई नसते, उजेड असतो. खालून ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर डिस्कवर पडतो. हा उजेड अवरक्त, म्हणून आपल्या डोळ्याला जवळपास दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच उघड्या मशीनच्या भिंगात कधी डोकावायचं नाही. सपाट जागेवरून उजेड नीट परततो, खळग्यावरून परतताना तो स्वतःलाच मारक ठरतो आणि मंद होतो. खळगा म्हणजे शून्य आणि सपाट म्हणजे एक, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. खळगा सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक. मधलं सगळं शून्य. दर सेकंदाला आवाजाच्या डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट.

भिंगाची कसरत

आता त्या डोळ्याचं काम किती नाजूक आहे ते बघा. फिरती डिस्क कधीच पूर्ण सपाट फिरत नाही. पापड तव्यावर हलावा तशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खालीवर होते. लेसरला मात्र नेमकं बसायचं तर एकदोन मायक्रॉनचीच मुभा. म्हणून ते इवलंसं भिंग बारीक तारांवर तोललेलं असतं. त्याच्या बाजूला तांब्याची वेटोळी आणि चुंबकं असतात. परत आलेला उजेड चार भागांत विभागलेल्या संवेदकावर पडतो. डिस्क जवळ आली तर उजेडाचा गोल एका दिशेने लंबुळका होतो, लांब गेली तर दुसऱ्या दिशेने. त्यावरून वेटोळ्यांना वीज कमी-जास्त मिळते आणि भिंग डिस्कच्या मागोमाग खालीवर नाचतं. रेघ सुटू नये म्हणून ते डावी-उजवीकडेही सरकतं.

भिंगाची ही धाव छोटी. लांबच्या प्रवासासाठी अख्खा पिकअप, म्हणजे लेसर आणि भिंगाचा संच, एका रुळावरून आतून बाहेर सरकतो. शिवाय डिस्क फिरवणारी मोटर वेग बदलत राहते. आतल्या वेढ्यांवर मिनिटाला सुमारे ५०० फेरे, कडेला जाईतो २००. रेघ भिंगावरून एकाच गतीने सरकावी, यासाठी हा खटाटोप.

एवढं करूनही चुका होतातच. धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे. पण गाण्याचे लागोपाठचे नमुने डिस्कवर शेजारी ठेवलेलेच नसतात. ते लांबवर विखरून लिहिलेले असतात. सोबत हिशेबाचे जादा आकडे असतात, आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर बेतलेले. रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी प्लेअर तो मजकूर तंतोतंत परत उभा करतो. त्याहून जास्त गेला, तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो. तेही जमलं नाही, तरच आवाज तुटतो.

याचा खरेदीशी थेट संबंध आहे. चांगल्या डिस्कवर अशक्त प्लेअरसुद्धा ठणठणीत वाटतो, कारण त्याची अर्धी आंधळी नजर हे गणित झाकून नेतं. डोळा किती थकलाय हे कळायला अवघड डिस्कच घालावी लागते.

पहिल्या दहा सेकंदांत रोग कळतो

ट्रे आत गेला की मशीन ठरलेल्या क्रमाने कामाला लागतं. पिकअप रुळाच्या अगदी आतल्या टोकाला जातो. भिंग दोनतीनदा वर-खाली होऊन डिस्क चाचपतं. उजेड नीट परतला तर मोटर फिरते. मग डिस्कच्या आतल्या कडेला लिहिलेली अनुक्रमणिका वाचली जाते आणि पडद्यावर गाण्यांची संख्या व एकूण वेळ उमटतो. मशीन यातल्या कुठल्या पायरीवर अडलं, त्यावरून बिघाड ओळखता येतो.

ट्रे बाहेरच येत नाही, किंवा कुरकुरत अर्ध्यावर थांबतो: बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. हा सगळ्यात स्वस्त आजार. भाव पाडून घ्यायला उत्तम निमित्त.

डिस्क फिरतच नाही आणि ‘नो डिस्क’ दिसतं: भिंगावर धूळ किंवा बुरशी बसली असेल, नाहीतर लेसर थकला असेल. पहिलं पुसून जातं, दुसऱ्याला नवा पिकअप लागतो.

गाण्यांची संख्या दिसते, पण ती यायला खूप वेळ लागतो: डोळा अजून काम करतोय, पण दमलाय. सशक्त प्लेअर काही सेकंदांत अनुक्रमणिका वाचतो.

सुरुवातीची गाणी वाजतात, पुढची अडतात: रुळावरचं वंगण सुकलेलं असणार, किंवा डिस्क फिरवणारी मोटर झिजलेली.

माझ्या मशीनला हाच शेवटचा आजार होता. दुरुस्तीवाल्या काकांनी वरचं झाकण काढलं, डिस्क दाबून धरणारी चुंबकाची चकती उचलली आणि ट्रे पुढे घेऊन पिकअप उघडा केला. निळसर चकाकणारं मसुराच्या डाळीएवढं भिंग. इअरबडच्या टोकाला जेमतेम ओल येईल इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यांनी ते फुलाला हात लावावा तसं पुसलं. मग छोट्या दंतचक्रावर बोट ठेवून पिकअप रुळावरून हळूहळू सरकवला. मध्यावर आल्यावर तो जडावला. काकांनी रुळावरून नख फिरवलं आणि मला दाखवलं. नखात मेणासारखा पिवळा गोळा.

“सर, लेन्स नाही गेली. ग्रीस गेलंय.”

बाजारात कुठल्याही सीडी प्लेअरच्या दुखण्याला ‘लेन्स गेली’ म्हणायची पद्धत आहे. त्या दोन शब्दांवर कितीतरी चांगली मशीन भंगारात निघाली असतील. काकांनी रूळ पुसला, नव्या वंगणाचा नाममात्र हात दिला, आणि डिस्क आठवं गाणं ओलांडून शेवटपर्यंत वाजली.

नवा की जुना?

नवा घेणं सगळ्यात निर्धास्त. यामाहाचा सीडी-एस३०३, मरांट्झचा सीडी६००७, डेनॉनचा डीसीडी-६००एनई ही घरगुती ऐकण्यासाठीची सरळमार्गी मशीन. ती फक्त प्लेअर असतात. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर तुमचा. भारतात अधिकृत वॉरंटी आणि आपल्या शहरात सर्व्हिस आहे का, हे आधी विचारा. मॉडेलपेक्षा ते महत्त्वाचं. झाकण उघडून वर डिस्क ठेवायची, आत रेडिओ, ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह सगळं कोंबलेलं अशी स्वस्तातली खेळणी टाळलेली बरी. त्यात सगळ्यात कमी खर्च नेमका पिकअपवर केलेला असतो.

जुना घेताना मी आता तीन प्रश्न विचारतो.

पहिला: याचा पिकअप आज मिळतो का? सोनीचा केएसएस-२१३ किंवा सान्योचा एसएफ-पी१०१एन असे काही पिकअप अनेक कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसवले गेले. असे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात शोधता येतात. याउलट एखादं उंची मशीन दिसायला राजेशाही, पण त्याचा पिकअप बनणं बंद झालेलं. तो गेला की उरतं ते शोभेचं खोकं. इंटरनेटवर मॉडेल क्रमांक टाकून पिकअपचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं खर्च केल्याशिवाय पाकीट उघडू नका. नवे पिकअप बहुतेक नकली प्रतीच असतात, त्यांचा दर्जा खालीवर होतो. म्हणून बदलून देणाऱ्याकडून चालवून घ्या. एक बारकावा: नव्या पिकअपच्या पट्टीवर स्थिर विजेपासून संरक्षण म्हणून सोल्डरचा एक थेंब ठेवलेला असतो. बसवल्यावर तो काढायचा राहिला, तर अगदी कोरा पिकअपही ‘नो डिस्क’च सांगतो.

दुसरा: व्होल्टेज किती? जपानमधल्या घरगुती वापराची मशीन १०० व्होल्टची, अमेरिकेतली १२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती थेट लावली तर आतला ट्रान्सफॉर्मर क्षणात जाईल. परदेशातून कुणी नातेवाईक प्रेमाने आणून देणार असेल, तर मागच्या पट्टीवरचा आकडा फोटो काढून मागवा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागतं, पण तो खर्च आणि ते वजन हिशेबात धरा.

तिसरा: मशीन किती गुंतागुंतीचं? एक ट्रे, एक डिस्क हे उत्तम. तीन किंवा पाच डिस्कचे चेंजर मोहक असतात, पण जितकी जास्त दंतचक्रं, तितके अडकायचे प्रसंग जास्त.

आणखी एक वाट आहे, जी पुष्कळांच्या घरातच असते: टीव्हीखाली धूळ खात पडलेला डीव्हीडी प्लेअर. तो सीडी वाजवतो. मागे डिजिटल आउटपुट असेल तर तिथून बाहेरच्या डीएसीला, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या छोट्या डब्याला जोडता येतो. काही वेळा गाण्यांची यादी बघायला टीव्ही लावावा लागतो आणि सुरू व्हायला वेळ लागतो, एवढीच गैरसोय. पैसे घालण्याआधी तो एकदा लावून बघा.

डीएसी कोणता चांगला यावर रात्र-रात्र वाद घालणारे रसिक आहेत. त्या वादात रस असेल तर जरूर उतरा. पण घरातल्या ऐकण्यात स्पीकर आणि खोली यांचा फरक त्याहून कितीतरी मोठा पडतो.

विकणाऱ्याच्या दारात

जुना प्लेअर बघायला जाताना सोबत आपल्या तीन डिस्क न्या. एक कंपनीची, चांगली आणि लांबीला सत्तर मिनिटांच्या पुढची. एक हलकेच ओरखडे पडलेली. आणि एक घरी लिहिलेली सीडी-आर, कारण अशा डिस्कवरून उजेड सहसा कमी परततो आणि थकलेला डोळा तिथे उघडा पडतो.

आधी प्रत्येक डिस्क घालून अनुक्रमणिका किती वेळात येते ते बघा. मग लांब डिस्कचं शेवटचं गाणं लावा. डिस्कची थरथर कडेला सर्वांत जास्त असते आणि पिकअप रुळाच्या टोकाला गेलेला असतो. तिथून एकदम पहिल्या गाण्यावर या, परत शेवटावर जा. असं पाचसहा वेळा. उडी मारताना मशीन एकदोन सेकंदांत सावरलं पाहिजे. कान लावून ऐका. घर्रघर्र किंवा टकटक नको. मग एक डिस्क पूर्ण चालू ठेवा आणि तोवर चहा घ्या, कारण काही बिघाड मशीन तापल्यावरच डोकं वर काढतात.

ऐकायला ख्याल लावा. विलंबित सुरू होतानाचा तानपुरा हा फार कठोर परीक्षक आहे. ढोल-ताशाच्या गजरात छोटीशी चूक खपून जाते. तानपुऱ्याच्या अखंड झंकारात एक टिचकी पडली तरी कानाला खुपते. विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये ट्रॅक बदलला तरी सूर तुटत नाही ना, तेही कळतं.

रिमोट आहे का ते विचारा. कित्येक मॉडेलमध्ये रिपीटसारखी सोय फक्त रिमोटवरच असते. बाबांसारख्या कुणी एमपीथ्री सीडी भरून ठेवल्या असतील, तर प्लेअर त्या ओळखतो का हे डिस्क घालूनच तपासा, कारण जुने शुद्ध सीडी प्लेअर त्या ओळखत नाहीत. आणि निघताना मशीन उलटं करून बघा. काही प्लेअरच्या पोटाखाली पिकअप बांधून ठेवणारा स्क्रू असतो. प्रवासात तो आवळायचा, घरी वाजवण्याआधी सोडायचा.

घरी आणल्यावर

मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ला जोडा. ‘फोनो’ला कधीच नको, ती जागा तबकडीच्या सुईतून येणाऱ्या अगदी क्षीण संकेतासाठी असते, आणि सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्ट देतो. आवाज फाटून येईल आणि स्पीकरलाही धोका. अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर वीज लागणारे, ऑक्स असलेले स्पीकर पुरतात. प्लेअर सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा आणि त्याच्यावर अ‍ॅम्प्लिफायर चढवू नका. खालच्याला उष्णता सोसत नाही.

पावसाळ्यात, त्यातही कोकणात, प्लेअर महिनोन्महिने बंद ठेवणं वाईट. भिंगावर बुरशी धरते, वंगण घट्ट होतं. आठवड्यातून एक डिस्क अथपासून इतिपर्यंत वाजवली तर पिकअप अख्ख्या रुळावरून एकदा फिरून येतो. एसीच्या थंडाव्यातून मशीन दमट हवेत आणलं, तर तासभर थांबूनच सुरू करा. भिंगावर दव धरलेलं असतं.

डिस्क पुसायची ती मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं आणि ओरखडा पडला, तर तो रेघेच्याच दिशेने जातो आणि सलग मजकूर खातो; आडवा ओरखडा प्लेअर सहज पचवतो. आणि आपण चकाकत्या बाजूला जपतो, ते उलटं आहे. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे. छापील बाजूला मुलाम्यावर फक्त पातळ थर असतो. तिथे नख लागलं तर मजकूरच खरवडला जातो, आणि तो कुठलंही गणित परत आणत नाही.

घरी लिहिलेल्या सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर मात्र वयाबरोबर, उन्हाने, उष्णतेने विटतो. बाबांच्या हातच्या डिस्क मी सगळ्यात आधी संगणकावर उतरवून घेतल्या. तुमच्याकडे अशा डिस्क असतील, तर प्लेअर शोधण्याच्याही आधी तेवढं काम उरका. त्या वाट बघणार नाहीत.

शेवटी हिशेब एवढाच. बजेट असेल तर वॉरंटीचा नवा, एका ट्रेचा प्लेअर घ्या आणि विसरून जा. जुना घ्यायचा असेल, तर नावाजलेल्या कंपनीपेक्षा ज्याचा पिकअप आज बाजारात मिळतो तो घ्या, आणि शेवटचं गाणं ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा ‘फसून घेतलेला’ प्लेअर नव्या वंगणावर अजून चालू आहे. गीतरामायणाची ५६ गाणी एका डिस्कमध्ये मावत नाहीत, म्हणून मधे उठून डिस्क बदलावी लागते, इतकीच त्याची तक्रार.